कॉम्प्रेसर? फ्रीजचा का?

कुरिअरवाल्याने खोकं जिन्याशी टेकवलं आणि पावती पुढे केली. पावतीवर सामानाचं वर्णन एका शब्दात उरकलेलं होतं: कॉम्प्रेसर. कोथरूडमधल्या त्या इमारतीत लिफ्ट नेहमीप्रमाणे बंद होती, त्यामुळे खोकं तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत तीन जणांनी एकच प्रश्न विचारला. वॉचमनने विचारला, समोरच्या काकूंनी विचारला आणि कुठल्याशा सर्वेक्षणासाठी आलेल्या अनोळखी गृहस्थांनीही विचारला, "फ्रीजचा का?" वॉचमनला खोक्याच्या मालकाने "नाही, आवाजाचा" असं नम्रपणे सांगितलं. काकूंनाही तेच सांगितलं. त्यावर काकू म्हणाल्या, "आमचापण फार आवाज करायचा हो, शेवटी बदलला." तिसऱ्या वेळी मालक "हो, फ्रीजचा" म्हणाला आणि त्याने दार लावून घेतलं.

काकूंना दोष देता येत नाही. सरकारी जकातीच्या वर्गवारीतही कॉम्प्रेसर म्हटला की तो ८४१४ या आकड्याखाली जातो. तिथे त्याची पंगत हवेचे पंप, पंखे आणि वायू दाबणारी यंत्रं यांच्याबरोबर असते. मायक्रोफोन, स्पीकर आणि अॅम्प्लिफायर बसतात ८५१८ मध्ये. परदेशातून मागवलेल्या खोक्यावर कोणी नुसतंच 'कॉम्प्रेसर' लिहून ठेवलं, तर विमानतळावरच्या गोदामातला माणूस प्रामाणिकपणे आत पिस्टन शोधतो आणि पत्र्याच्या पेटीत काचेच्या नळ्या बघून आणखी कागद मागतो.

हे खोकं मागवणारा प्राणी म्हणजे घरगुती स्टुडिओवाला. दिवसा तो संगणकाच्या कंपनीत असतो आणि रात्री आठनंतर रेकॉर्डिस्ट होतो. झोपण्याच्या खोलीत कपाटाच्या दारांवर आजीच्या गोधड्या लटकवून त्याने प्रतिध्वनी मारलेला असतो. भावगीतं, बालगीतं, एखाद्या दिवाळी पहाटेची जाहिरात, मित्राचा पॉडकास्ट, असं काहीबाही तिथे ध्वनिमुद्रित होतं. याच कॉम्प्रेसरच्या पाच सॉफ्टवेअर नकला त्याच्या संगणकात आधीपासून होत्या आणि त्या उत्तम चालत होत्या. पण त्यांचा काटा पडद्यावर हलायचा. मालकाला खरा काटा हवा होता.

आपण नेमकं काय आणलं आहे हे घरच्यांना समजावण्यासाठी त्याने आधी आलेख काढला. आडव्या अक्षावर आत जाणारा आवाज, उभ्या अक्षावर बाहेर येणारा. आजीने आलेख बघितला आणि "शेअर बाजार पडला का?" असं विचारलं. मग मालकाचं लक्ष सोफ्याकडे गेलं. तिथे आजोबा बसले होते, हातात टीव्हीचा रिमोट घेऊन, आणि कॉम्प्रेसर जे करतो तेच अनेक वर्षांपासून बिनबोभाट करत होते.

मालिकेत नायिका कुजबुजते तेव्हा आजोबा गप्प असतात. मग वीज कडाडते, कॅमेरा तीनदा चेहऱ्यावर जातो, ढॅण ढॅण होतं आणि आजोबांचा अंगठा आवाज कमी करतो. किती आवाजाला आजोबा वैतागतात ती पातळी म्हणजे थ्रेशोल्ड. वैतागले की किती कमी करतात तो रेशो: तीनास एक असेल, तर मर्यादेच्या वर चढलेल्या तीन डेसिबलपैकी एकच बाहेर पडू देतात. वैतागल्यापासून अंगठ्याला बटण सापडेपर्यंत जो वेळ जातो तो अॅटॅक. आजोबांचा अॅटॅक चष्मा कुठे ठेवला आहे त्यावर अवलंबून असतो. गोंगाट थांबल्यावर आवाज पूर्ववत करायला जो वेळ लागतो तो रिलीज, आणि आजोबांच्या बाबतीत तो इतका लांबतो की मधला संवाद सगळ्यांचा चुकतो. एवढ्यात स्वयंपाकघरातून आजीचा आवाज येतो, "अहो, काही ऐकू येत नाहीये!" आणि सगळाच आवाज दोन घरं वर चढतो. याला स्टुडिओत मेकअप गेन म्हणतात.

आजोबांचा खरा शत्रू मात्र जाहिरात. जाहिरात मालिकेपेक्षा मोठ्याने ओरडते असं त्यांचं म्हणणं, आणि ते खरंच आहे. तिथे आवाजाचं टोक मालिकेइतकंच असतं, पण खालचे सगळे बारीक आवाज कॉम्प्रेसरने दाबून-उचलून टोकाजवळ आणून ठेवलेले असतात, त्यामुळे सरासरी आवाज मोठा होतो. म्हणजे आजोबा जाहिरातीच्या वेळी एका कॉम्प्रेसरविरुद्ध दुसरा कॉम्प्रेसर म्हणून लढत असतात. अमेरिकेत या भांडणावर २०१० मध्ये चक्क कायदा झाला: जाहिरात तिच्या आजूबाजूच्या कार्यक्रमापेक्षा मोठ्याने वाजता कामा नये. हे ऐकल्यावर आजोबांच्या मनात अमेरिकेबद्दल पहिल्यांदाच आदर उत्पन्न झाला.

आजोबांचं हे काम यंत्रावर सोपवायची निकड आधी रेडिओला भासली. प्रक्षेपकात मर्यादेबाहेरचा आवाज शिरला की तो फाटतोच, शिवाय शेजारच्या केंद्राच्या हद्दीतही सांडतो. म्हणून तंत्रज्ञ दिवसभर नॉबवर हात ठेवून बसायचे. वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीने १९३७ मध्ये ११० क्रमांकाचा अॅम्प्लिफायर काढला आणि तो हात मोकळा करायला सुरुवात केली. त्यानंतर वीसेक वर्षांनी जिम लॉरेन्स नावाचा एक तंत्रज्ञ लॉस एंजेलिसच्या रेडिओ केंद्रात त्याच दुखण्याने बेजार झाला. निवेदक एका वाक्यात गरजायचा आणि पुढच्यात पुटपुटायचा.

लॉरेन्सला टायटन क्षेपणास्त्रांच्या प्रकल्पातल्या प्रकाश-संवेदकांचा अनुभव होता. तो त्याने निवेदकांवर वापरला. त्याने एक बंद डबी केली. डबीत एका बाजूला विजेवर मंद चमकणारी पट्टी आणि तिच्यासमोर उजेड पडला की रोध कमी होणारा कॅडमियम सल्फाइडचा तुकडा. गाण्याचा आवाज वाढला की पट्टी उजळते, समोरच्या तुकड्याचा रोध उतरतो आणि वाढलेला आवाज त्या वाटेने जमिनीत निघून जातो. आवाज स्वतःच दिवा लावतो आणि त्याच उजेडात मुकाट्याने खाली बसतो. या डबीचं नाव टी-४. पॅसाडेनाच्या टेलेट्रॉनिक्स या त्याच्या कंपनीने ती ज्या यंत्रात बसवली त्याची १९६० च्या दशकातली आवृत्ती म्हणजे एलए-२ए. मालकाच्या खोक्यात तिचीच नव्याने केलेली प्रतिकृती होती.

या डबीची एक खोड आहे आणि तिच्यावरच जग भाळलं आहे. ती उजेड विसरत नाही. आवाज उतरल्यावर दाबलेल्यातला अर्धा भाग ती साधारण ६० मिलिसेकंदांत सोडून देते. उरलेला अर्धा सोडायला मात्र अर्ध्या सेकंदापासून पाच सेकंदांपर्यंत कितीही वेळ घेते, आणि तो किती हे आधी तिला किती जोराने आणि किती वेळ छळलं त्यावर ठरतं. लग्नात मानपानावरून रुसलेले काका डोळ्यासमोर आणावेत. पहिल्या पंगतीला बसवलं की अर्धा राग तिथेच जातो. बाकीचा पुढच्या दिवाळीपर्यंत टिकणार की त्याच्या पुढच्या, हे अपमान किती वेळ चालला होता त्यावर. अभियांत्रिकीत हा दोष होता. गायकांच्या आवाजावर तो इतका गोड लागला की आज कारखाने तो दोष मुद्दाम, हाताने, मेहनतीने बनवतात.

कंपनीही रुसलेल्या काकांसारखीच घरोघर फिरली. १९६५ मध्ये टेलेट्रॉनिक्स बॅबकॉक कंपनीकडे गेली आणि १९६७ मध्ये बिल पुटनम यांच्या पंखाखाली आली. हे पुटनम म्हणजे घरगुती स्टुडिओवाल्यांचं कुलदैवत शोभावं असा माणूस. शिकागोला असताना १९४७ मध्ये त्यांनी हार्मोनिकॅट्स या माउथ ऑर्गनवाल्या मंडळींच्या एका रेकॉर्डसाठी न्हाणीघराचा प्रतिध्वनी वापरला आणि ती रेकॉर्ड तुफान खपली. आपल्याकडे न्हाणीघरात गाणारे घरोघरी आहेत, पण तिथपर्यंत मायक्रोफोनची तार नेण्याची बुद्धी त्यांना झाली. पुढे त्यांच्या मुलांनी १९९९ मध्ये युनिव्हर्सल ऑडिओ हे घराण्याचं नाव पुन्हा उभं केलं आणि वडिलांच्या जमान्यातली यंत्रं नव्याने करायला घेतली.

त्याहून वरच्या पायरीवर बसतो फेअरचाइल्ड ६७०. मूळच्या एस्टोनियातल्या राइन नार्मा यांनी त्याची रचना केली आणि विमानातून फोटो काढण्याच्या कॅमेऱ्यांवर नाव कमावलेल्या शेर्मन फेअरचाइल्ड यांच्या कंपनीने तो विकला. त्यात वीस व्हॉल्व्ह असतात आणि वजन ६५ पौंड, म्हणजे घरगुती गॅसच्या भरलेल्या सिलिंडरएवढं. लंडनच्या अॅबी रोड स्टुडिओत याचाच धाकटा भाऊ ६६० बीटल्सच्या गाण्यांना आणि रिंगो स्टारच्या ड्रमना लावला जाई. मालकाच्या मोबाइलवर वॉलपेपर म्हणून फेअरचाइल्डचा फोटो आहे. बायकोचा फोन आला की तो झाकला जातो.

अस्सल जुनी यंत्रं आता हजारो डॉलरना जातात, म्हणून नवी यंत्रं जुनी दिसण्याची शिकस्त करतात. राखाडी पत्रा, मधोमध पिवळसर उजेडाचा काटेरी मीटर, दोन्ही बाजूंना दोन मोठे काळे नॉब आणि बाकी सगळं माळरान. हायवेवरच्या हॉटेलांना हल्ली वाड्याची दारं, पितळी कड्या आणि खोटे कंदील लावतात आणि आत पनीर चिली देतात, तसाच हा प्रकार वाटू शकतो. पण इथे आतला स्वयंपाकही जुन्याच पद्धतीचा असतो: व्हॉल्व्ह, ट्रान्सफॉर्मर, उजेडाची डबी. मूळ यंत्रात बाराएएक्स७ जातीचे दोन, बाराबीएच७ जातीचा एक आणि सहाएक्यू५ जातीचा एक, असे चार व्हॉल्व्ह. जुन्या रेडिओ-दुरुस्तीवाल्याला ही नावं सांगितली तर त्याचे डोळे पाणावतात आणि मग तो किंमत सांगतो.

आता बसवण्याचा सोहळा. मालकाने खोकं उघडलं, फोटो काढले, वास घेतला आणि तीन पिनांचा प्लग हातात धरून भिंतीकडे निघाला. तेवढ्यात सोफ्यावरून आजोबा उठले. आजोबा वीज मंडळातून निवृत्त झाले आहेत. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात पेन नसतं, टेस्टर असतो.

"व्होल्टेज बघितलंस?"

मालकाने माहितीपुस्तक उघडलेलं नव्हतं, कारण त्याने या यंत्राबद्दल चार वर्षं वाचलं होतं. आजोबांनी चष्मा लावला आणि पेटी फिरवली. मागच्या बाजूला नखाएवढा स्विच होता आणि तो ११५ वर होता. आपल्या भिंतीतून येतात २३०. त्या स्थितीत प्लग गेला असता तर फ्यूज तरी उडाला असता, नाहीतर ट्रान्सफॉर्मर तरी, आणि साठच्या दशकाची ती प्रसिद्ध ऊब साऱ्या मजल्याला मिळाली असती. आजोबा तिथेच थांबले नाहीत. व्होल्टेज दुप्पट झालं की त्याच कामाला करंट निम्मा लागतो, तेव्हा फ्यूजही निम्म्या क्षमतेचा हवा. त्यांनी आतला फ्यूज बाहेर काढून उजेडात धरला, "हा अमेरिकेचा" असं म्हणाले आणि स्वतःच्या डब्यातून योग्य तो काढून दिला. त्या डब्यात आणखी काय काय आहे हे घरात कोणालाच माहीत नाही.

यंत्र सुरू झालं आणि स्पीकरमधून घूं असा आवाज येऊ लागला. मालकाच्या एका मित्राने फोनवर तोडगा सांगितला: प्लगची मोठी पिन काढून टाक. घूं जाते, हे खरं आहे. पण ती पिन अर्थिंगची असते. व्हॉल्व्हच्या यंत्रात काहीशे व्होल्ट खेळत असतात आणि पत्रा कधी जिवंत झाला, तर त्या विजेला जमिनीत जायला दुसरी वाट उरते ती माणसाची. आजोबांनी तो फोन स्वतःच्या हातात घेतला आणि मित्राला जे सांगितलं ते वीज मंडळाच्या भाषेत होतं. शेवटी संगणक, स्पीकर आणि कॉम्प्रेसर अशा तिघांना एकाच बोर्डावरून वीज दिली आणि घूं गेली.

व्हॉल्व्ह तापून स्थिर व्हायला वीस-पंचवीस मिनिटं द्यावी लागतात. मीटर गेन रिडक्शनवर ठेवायचा, आवाज आत सोडायचा नाही आणि काटा बरोबर शून्यावर येतो का ते बघून बारीक स्क्रूने जुळवायचा. थंड यंत्रावर शून्य जुळवलं, तर तापल्यावर काटा पुन्हा हलतो. हे मालकाला तीनदा स्क्रू फिरवल्यावर कळलं. आजीला मात्र पहिल्याच दिवशी वेगळं काही कळलं. पुण्याच्या थंडीत डोशाचं पीठ फुगत नाही, आणि नातवाने आणलेली पेटी वरून छान कोमट लागते. मालक चहा घेऊन परत आला तेव्हा हवेच्या भोकांवर पातेलं होतं आणि पातेल्यावर ताटली.

"भोकं झाकायची नसतात गं, आजी!"

"मग वर कशाला केलीत?" आजीने विचारलं आणि पीठ फ्रीजमध्ये नेऊन ठेवलं.

पुढचा घोटाळा तारांचा. मालकाने माइकची तार थेट कॉम्प्रेसरमध्ये खोचली, कारण भोकात ती बसत होती. आवाज आला तो शेजारच्या इमारतीतून कोणी हाक मारावी तसा. माइकमधून निघणारी वीज मुंगीएवढी असते आणि हे यंत्र लाइन पातळीच्या, म्हणजे आधीच पोसलेल्या आवाजासाठी बनलेलं असतं. आधी माइक, मग प्रीअॅम्प, मग कॉम्प्रेसर, अशी पंगत लावावी लागते. ती लागली. मग कॉम्प्रेसरमधून बाहेर आलेला धष्टपुष्ट आवाज मालकाने संगणकाच्या पेटीत माइकच्याच दाराने आत घातला. तिथे तो पुन्हा पोसला गेला आणि फाटला. लाइनचं दार वेगळं होतं, बाजूलाच होतं आणि त्यावर लिहिलेलंही होतं.

शनिवारी गायिका आली. भावगीत होतं. मुखडा मंद्रात रेंगाळणारा, अंतरा एकदम तारसप्तकाकडे झेपावणारा. आजीने आल्या आल्या तिच्या हातावर ज्येष्ठमधाची काडी ठेवली. "ही गालात धर. आवाज एकसारखा लागतो." मालक मनात हसला, कारण एकसारखा आवाज लावणारी वस्तू त्याने खोक्यातून आणली होती.

एलए-२ए चालवायला सोपा, असं सगळे म्हणतात. दोनच तर नॉब. उजवीकडचा पीक रिडक्शन, म्हणजे किती दाबायचं. डावीकडचा गेन, म्हणजे दाबून झाल्यावर किती उचलायचं. कॉम्प्रेस आणि लिमिट असा एक स्विच, सौम्य मास्तर की कडक मास्तर हे ठरवणारा. अॅटॅक आणि रिलीजला नॉब नाहीतच, ते डबी आपल्या लहरीप्रमाणे बघते. पण नॉब जितके कमी तितकी चर्चा लांब, असा अनुभव आहे. दहा नॉब असले की बिघडलेल्या गाण्याचं खापर कुठल्याही एकावर फोडता येतं. दोनच असले की तिसरा संशयित खुर्चीत बसलेला असतो.

रीत अशी: गायिकेला सगळ्यात जोराची ओळ म्हणायला सांगायची आणि उजवा नॉब हळूहळू चढवायचा. शून्यावर आरामात पहुडलेला काटा डावीकडे कलू लागतो. तो जोराच्या जागी तीन ते पाच डेसिबल पडला आणि मुखड्यात जवळजवळ हललाच नाही, की हात काढून घ्यायचा. मग डावा नॉब वाढवून गेलेला आवाज परत आणायचा. संपलं. मालकाला यासाठी दोन तास लागले. पाऊण तास त्याने काटा पडतानाचा व्हिडिओ काढला.

काट्यावर फार विश्वास ठेवण्यातही अर्थ नसतो. १९३९ मध्ये बेल प्रयोगशाळा आणि अमेरिकेतल्या दोन मोठ्या रेडिओ कंपन्यांनी मिळून ठरवलेला हा व्हीयू मीटर. तो मुद्दामच आळशी केला आहे: शून्यापर्यंत पोचायला ३०० मिलिसेकंद घेतो, म्हणजे साधारण माणसाच्या कानाला जाणवतो तसा सरासरी आवाज दाखवतो. मधल्या मधे जे क्षणात येऊन गेलं ते त्याला कळत नाही. इमारतीचा वॉचमनही असाच आहे आणि तरी सोसायटीचं चाललेलं आहे.

दुसरा सापळा कानाचाच. गेनचा नॉब जरा जास्त फिरला की आवाज थोडा मोठा होतो, आणि मोठा आवाज माणसाला चांगला वाटतो. हळू आवाजात कानाला खर्ज कमी ऐकू येतो, आवाज वाढला की तो भरून येतो. बेल प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये याचे वक्र काढून दाखवले. त्यामुळे कॉम्प्रेसर लावल्यावर आणि काढल्यावर आवाज सारखाच ठेवून तुलना करावी, हा पहिला नियम. मालकाने नेमका तोच मोडला. यंत्र लावलं, आवाज चार डेसिबल मोठा झाला, मालक खुर्चीत मागे रेलला आणि "ही ऊब ऐक" म्हणाला. मित्र म्हणाला, "मखमल आहे, मखमल." आजोबांनी आतून ओरडून सांगितलं, "आवाज कमी करा!" त्या खोलीत तेवढं एकच शास्त्रीय निरीक्षण झालं.

दुपारी ढोलकीवाला आला. इथे एलए-२ए चा स्वभाव उघडा पडला. त्याला जागं व्हायला साधारण दहा मिलिसेकंद लागतात. ढोलकीच्या शाईवरची कडक थाप तेवढ्यात येते, नमस्कार करते आणि निघून जाते. मग यंत्र उठतं आणि मागून येणाऱ्या बिचाऱ्या घुमाऱ्याला पकडतं. चोर पळाल्यावर आलेल्या हवालदाराने चहावाल्याला धरावं तसं. कधी कधी हेच छान वाटतं, कारण थापेचं टोक धारदार राहतं. पण टोकच आवरायचं असेल तर पुटनम यांनी १९६७ मध्ये काढलेला ११७६ लागतो. तो वीस मायक्रोसेकंदांत झडप घालू शकतो, म्हणजे एलए-२ए पेक्षा पाचशेपट लवकर. एका सेकंदात असे पन्नास हजार क्षण मावतात.

मित्राकडे ११७६ ची प्रतिकृती होती. तो ती काखेत मारून आला. तिच्यावर चार-आठ-बारा-वीस अशी रेशोची चार बटणं, आणि अॅटॅक-रिलीजचे नॉब उलट्या दिशेने चालणारे. सगळ्या जगात नॉब उजवीकडे फिरवला की वेळ वाढतो, इथे कमी होतो. थ्रेशोल्डचा नॉब तर नाहीच. मर्यादा ठरलेली असते, आणि इनपुट वाढवून आवाजालाच तिच्यावर नेऊन आपटायचं. मित्र हे यंत्र तीन वर्षं उलटं चालवत होता आणि 'याचा अॅटॅक हळुवार आहे' असं लोकांना सांगत होता, हे त्याच दुपारी उघडकीस आलं. मग त्याने विषय बदलून चारही बटणं एकदम दाबली. ही युक्ती खरी आहे. तसं केलं की आतल्या सर्किटचा तोल बिघडतो, आवाज विव्हळून दबतो, आणि रॉकच्या ड्रमवर लोक ती मुद्दाम वापरतात. जुन्या रेडिओची सगळी बटणं एकदम दाबल्याबद्दल आजोबांनी या दोघांच्याही पाठीत लहानपणी धपाटे घातले होते. ढोलकी मात्र या युक्तीनंतर पत्र्याच्या शेडवर गारा पडाव्यात तशी वाजली आणि ढोलकीवाल्याने आपलं मानधन रोख मागितलं.

खरा खेळ रात्री रंगला. सगळे गेल्यावर मालक गाणं पुन्हा ऐकू लागला आणि दोन ओळींच्या मधल्या श्वासात त्याला काहीतरी ऐकू आलं. कॉम्प्रेसर मोठे आवाज खाली आणतो, मग गेन सगळंच वर उचलतो. मोठा आवाज आठ डेसिबल दाबून तेवढाच परत वाढवला, तर शांततेतला बारीकसारीक आवाजही आठ डेसिबलने वर येतो. शांततेत काय काय होतं? पहिल्या अंतऱ्यानंतर कुकरची तिसरी शिट्टी, जी माणसांच्या गर्दीत कोणाला ऐकू आली नव्हती. मग खालच्या रस्त्यावरून जाणाऱ्या भंगारवाल्याची हाक, आश्चर्य म्हणजे सुरात. आणि या सगळ्याच्या तळाशी, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एक अखंड गुरगुर. गायिका गाऊ लागली की ती दबायची, थांबली की पाच सेकंदांत हळूहळू डोकं वर काढायची, जणू ती पुढच्या ओळीची वाट बघत होती.

मालक गुरगुरीच्या मागावर निघाला. हेडफोन काढून, कान पुढे करून, अंधारात भिंतीला चाचपत तो बैठकीच्या खोलीतून स्वयंपाकघरात पोचला आणि फ्रीजसमोर उभा राहिला. खोक्यातल्या कॉम्प्रेसरने घरातला कॉम्प्रेसर शोधून काढला होता.

पुढच्या शनिवारी फ्रीज बंद करून रेकॉर्डिंग करायचं ठरलं. अशा वेळी मुख्य भीती एकच: काम झाल्यावर फ्रीज सुरू करायचं विसरलं जातं आणि दुसऱ्या दिवशी दूध नासतं. याच्यावर सिनेमाच्या आवाजवाल्यांनी एक जालीम उपाय काढून ठेवलेला आहे. परक्याच्या घरात शूटिंग करताना फ्रीज बंद केला की ते आपल्या गाडीची किल्ली त्याच्या आत ठेवतात. किल्लीशिवाय घरी जाता येत नाही, आणि किल्ली काढताना फ्रीज आठवतो. मालकाने स्कूटरची किल्ली डोशाच्या पिठाच्या पातेल्याशेजारी ठेवली.

या वेळी सगळं जमून आलं. गायिकेने गालात ज्येष्ठमध धरला, उजवा नॉब पस्तिशीला थांबला, काटा अंतऱ्यात चार डेसिबल कलला आणि मुखड्यात निवांत राहिला. ओळींच्या मधे गोधड्यांची शांतता होती. मालकाने या वेळी आवाज सारखा ठेवून यंत्र लावून आणि काढून बघितलं. फरक होता. मोठा नव्हता, पण होता: शब्दांची शेवटची अक्षरं, जी आधी वाद्यांत बुडत होती, ती आता हात धरून वर आल्यासारखी ऐकू येत होती.

रात्री गाणं घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गेलं. मोबाइलच्या स्पीकरवर सगळ्यांनी ऐकलं. मालक भिंतीला टेकून चेहरे बघत होता. आजोबांचा अंगठा रिमोटवर होता आणि पूर्ण गाणंभर तो हलला नाही. गाणं संपल्यावर आजीने चष्मा काढून डोळे पुसले.

"म्हटलं नव्हतं? ज्येष्ठमधाने आवाज कसा एकसारखा लागतो."

ग्रुपवर त्यावर अकरा जणांनी अंगठे दाखवले. एका मावशीने ज्येष्ठमध कुठल्या दुकानातून आणला ते विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर निघताना मालकाने आधी खिसे बघितले, मग टीपॉय, मग कालच्या पँटचे खिसे. मग तो थबकला, स्वयंपाकघरात गेला आणि फ्रीज उघडला. आतला दिवा लागला नाही. डोशाचं पीठ रात्रभराच्या उबेने फुगून पातेल्याबाहेर आलं होतं आणि किल्ली त्यात अर्धी बुडालेली होती. फ्रीज सुरू करून, किल्ली नळाखाली धरून तो जिना उतरू लागला, तर दुसऱ्या मजल्यावर काकू भेटल्या.

"काय रे, बसवला का कॉम्प्रेसर? आता आवाज नाही ना येत?"

"नाही येत," मालक म्हणाला. "बंदच ठेवतो."